ग्वाल्हेरचा मे महिना आणि क्रॉस कंट्रीची टीम: साडेतीन मिनिटं आणायची कुठून?

पत्र असं आलंय:

ताई, मी बी.एस्सी. फर्स्ट इयरला आहे, वय 19, आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो. मागच्या सप्टेंबरात कॉलेजच्या क्रॉस कंट्री टीमची ट्रायल झाली, 10 किलोमीटरची. सहा मुली घेतात आणि माझा नंबर नववा आला. मला 56 मिनिटं लागली, सहाव्या मुलीला साडेबावन्न. पहिला किलोमीटर मी 4 मिनिटं 40 सेकंदांत काढला, सगळ्यांच्या पुढे होते, पण शेवटी दोनदा चालावं लागलं आणि खूप रडू आलं. या सप्टेंबरात काही झालं तरी टीममध्ये यायचंच आहे. परीक्षा 12 मेला संपतात. आत्तापर्यंत आठवड्यातून तीन दिवस तीन-चार किलोमीटर पळत होते. एका सीनियर भैयांनी शेड्यूल दिलं, रोज सकाळी 8 आणि संध्याकाळी 5 किलोमीटर, सगळं फुल स्पीडने, आणि म्हणाले की उन्हात पळालं तरच स्टॅमिना बनतो. दहा दिवस केलं, आता नडगी दुखतेय. वजन कमी केलं की स्पीड वाढतो असं ऐकलं म्हणून रात्रीचं जेवण बंद केलंय. दोन महिने पाळी पण पुढे जातेय, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का? बाबा म्हणतात ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पळणारी माणसं वेडी असतात. आजी म्हणते काळी पडशील. मी काय करू?

अगं, सगळ्यात आधी ते शेड्यूल बंद कर. आजच. आणि आज रात्री पोटभर जेव. बाकीचं त्यानंतर वाच, मी खूप लिहिणार आहे.

आधी नडगीचं बघू, कारण ते तू एका ओळीत उरकलंयस आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. खाली बस आणि नडगीच्या हाडाची आतली कड बोटाने वरून खालपर्यंत दाबत ये. दुखणं चार-पाच बोटं लांबीत पसरलेलं असेल, पळायला सुरुवात केली की जास्त आणि जरा गरम झालं की कमी होत असेल, तर बहुतेक ते हाडावर आणि भोवतीच्या स्नायूंवर अचानक पडलेल्या भाराने आहे, वेळेवर थांबलीस तर दोन-तीन आठवड्यांत शांत होतं. पण एकाच जागी, म्हणजे अगदी एका बोटाखाली, दाबलं की जीव जातो असं असेल, किंवा रात्री झोपेत ठणकत असेल, किंवा त्या एका पायावर उडी मारता येत नसेल, तर तो हाडाला गेलेला बारीक तडा असू शकतो आणि त्याला बाम, आयोडेक्स, मालिश यातलं काहीही उपयोगाचं नाही, सरळ हाडांच्या डॉक्टरकडे जायचं. आणि एक लक्षात ठेव, असा तडा सुरुवातीच्या दिवसांत साध्या एक्सरेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही, त्यामुळे एक्सरे क्लीन आला म्हणजे पळायला मोकळी असं नाही, दुखतंय तोवर नाही म्हणजे नाही.

हे मी इतकं ओरडून सांगतेय कारण माझं वर्ष यातच गेलं. मी तुझ्याएवढी होते, सिमेंटच्या रस्त्यावर दोन वेळा पळायचे, पाय दुखत होता ते घरी सांगितलं नाही आणि सरांनाही सांगितलं नाही, वाटलं सांगितलं तर टीममधून नाव जाईल. सरांनी लंगडताना बघितलं तर म्हणाले थोडं दुखणारच, चालू ठेव. ट्रायलच्या तीन आठवडे आधी पाय टेकवता येईना. दोन महिने घरात बसून होते, ट्रायलच्या दिवशी खिडकीत बसून रडत होते. आज जेव्हा कोणी मुलगी मला लिहिते की ताई थोडंसंच दुखतंय, तेव्हा मला तीच खिडकी आठवते. म्हणून तू लपवू नकोस, बाबांना आजच सांग.

आता तुझी साडेतीन मिनिटं. तुझ्या पत्रातले आकडे मी वहीत मांडून बघितले आणि मला त्यातून बरंच काही दिसलं. साडेतीन मिनिटं म्हणजे 210 सेकंद, दहा किलोमीटरमध्ये वाटले तर किलोमीटरमागे 21 सेकंद. बास, एवढाच फरक आहे. आणि त्यातला काही भाग तर तू पहिल्याच किलोमीटरमध्ये घालवलास! 4:40 ने सुरू केलंस आणि उरलेले नऊ किलोमीटर तुला सरासरी 5:42 ने पडले, शेवटी चालावंही लागलं. सुरुवातीला मुली सुसाट सुटतात, त्यांच्यामागे आपणही सुटतो, आणि शरीरात तेवढा प्राणवायू पुरेनासा झाला की पाय दगडासारखे होतात, मग पुढचे नऊ किलोमीटर त्या एका किलोमीटरचं कर्ज फेडत बसायचं. तोच पहिला किलोमीटर 5:30 ने काढला असतास तर मागच्या वर्षीच्याच तुझ्या तयारीत, एक दिवसही जास्त न पळता, एक-दीड मिनिट वाचलं असतं असं मला अगदी मनापासून वाटतं. म्हणजे उन्हाळ्यात आणायची आहेत ती दोन-अडीच मिनिटं, आणि चार महिने हातात आहेत. हे होण्यासारखं आहे, खरंच आहे.

पण ते फुल स्पीडने होत नाही, हळू पळून होतं. मला माहीत आहे हे वाचून तुला वाटेल ताई उलटंच सांगतेय. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड नावाचे कोच होते, त्यांच्याकडे पीटर स्नेल हा 800 मीटर पळणारा मुलगा होता, 800 मीटर म्हणजे दोन मिनिटांच्या आतली रेस, आणि लिडियार्ड त्याला डोंगराच्या रस्त्यावर 22-22 मैल पळवायचे, तेही स्प्रिंट नाही, दमादमाने. स्नेलने 1960 च्या रोम ऑलिंपिकला 800 चं गोल्ड घेतलं आणि 1964 ला टोकियोत 800 आणि 1500 दोन्हीचं. यामागे साधं कारण आहे, हळू आणि लांब पळताना हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, पोटऱ्यांमध्ये बारीक रक्तवाहिन्या वाढतात, आणि पेशी प्राणवायू वापरून चरबीसुद्धा जाळायला शिकतात. हे सगळं आठवड्यांनी आणि महिन्यांनी होतं, दहा दिवसांत नाही. दम त्या मानाने लवकर वाढतो पण हाडं आणि स्नायूबंध मागे राहतात, आणि म्हणूनच तुझ्यासारखी हौशी मुलगी आठवड्याला दहा-बारा किलोमीटरवरून एकदम नव्वदवर गेली की दम म्हणतो चल आणि नडगी म्हणते थांब.

हळू म्हणजे किती हळू, तर मैत्रिणीशी बोलता आलं पाहिजे, पूर्ण वाक्यात, मध्ये धाप न लागता. तुझ्यासाठी किलोमीटरला पावणेसात ते सव्वासात मिनिटं, आणि उन्हाळ्यात त्याहून हळू झालं तरी चालेल, घड्याळ घरी ठेव वाटलं तर. कोणी बाजूने पुढे गेलं तर जाऊ दे.

आता बाबांचं म्हणणं. बाबा चुकीचे नाहीत, ते अर्धे बरोबर आहेत. आपल्याकडे मेच्या शेवटी पारा 45 च्या पुढे जातो, दुपारी लू चालते, 25 मेच्या आसपास नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो तेव्हा तर लष्करातल्या गल्ल्या दुपारी ओस पडतात. अशा वेळी सीनियर भैयांचं ते उन्हात पळ म्हणजे स्टॅमिना बनतो हे सरळ धोक्याचं आहे. शरीराला उष्णतेची सवय होते हे खरं, रोज थोडा थोडा वेळ बाहेर घाम गाळला की दहा-चौदा दिवसांत घाम लवकर सुटायला लागतो, रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, त्याच वेगाला नाडी कमी पडते. पण ही सवय सकाळच्या गरमीतच होते, आपल्याकडे मेमध्ये पहाटेसुद्धा बरंच गरम असतं, त्यासाठी दुपारच्या भट्टीत उतरायची काही गरज नाही. सकाळी पाचला पळायला लागायचं आणि सहाच्या आत घरी. संध्याकाळी नको, आमच्या इथे संध्याकाळी सातलासुद्धा रस्ता आणि भिंती दिवसभराची आग बाहेर टाकत असतात, फूलबागेजवळून सातला चाललीस तरी पायाला कळतं. आणि नवतप्याचे नऊ दिवस अंतर निम्मं कर. निम्मं, आणि मनात कसलीही टोचणी नको.

पळताना अंगावर काटा आला, थंडी वाजतेय असं वाटलं, डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर तिथेच थांबायचं, सावलीत बसायचं, पाणी डोक्यावर-मानेवर ओतायचं. बरोबरची मुलगी असंबद्ध बोलायला लागली, झोकांड्या खायला लागली तर तो उष्माघात असू शकतो, शरीराचं तापमान 40 च्या वर गेलेलं असू शकतं, तेव्हा आधी तिला थंड करायचं, मिळेल तेवढं पाणी अंगावर, बर्फ काखेत आणि मानेला, आणि त्याच वेळी कोणीतरी 108 ला फोन करायचा. गाडी येईपर्यंत नुसतं वारा घालत बसायचं नाही, आणि शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

पाण्याचं पण सांगते, कारण इथे लोक दोन्ही टोकं गाठतात. माठातलं पाणी दिवसभर थोडं थोडं, लघवीचा रंग फिक्कट पिवळा असला की समजायचं बरोबर चाललंय. पळून आल्यावर नुसतं पाणी ढसाढसा लिटर-दीड लिटर प्यायचं नाही, घामातून मीठ गेलेलं असतं. कैरीचं पन्हं, त्यात गूळ आणि मीठ, याच्यासारखी गोष्ट नाही, आणि आजीच्या हातचं असेल तर बघायलाच नको. ओआरएस आणलंस तर एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, चव यावी म्हणून अर्ध्या लिटरमध्ये घट्ट करू नकोस.

जेवण आणि पाळी. हो गं, संबंध आहे, असण्याची खूप शक्यता आहे. तू तेरा किलोमीटर पळतेस आणि रात्री उपाशी झोपतेस, शरीर हिशोब करतं की खर्च जास्त आणि आवक कमी, मग जे आत्ता लगेच लागत नाही ते बंद करतं, आणि पाळी त्यात पहिली जाते. पाळी गेली की ज्या हार्मोनमुळे हाडं मजबूत राहतात ते कमी होतं आणि मग नडगीसारखी हाडं तडकतात. बघ, तुझं जेवण, तुझी पाळी आणि तुझी नडगी या तीन तक्रारी नाहीतच, एकच आहे. पाळी लांबण्याची दुसरी कारणं पण असतात, थायरॉइड असेल, पीसीओएस म्हणजे अंडाशयाचा हार्मोनचा त्रास असेल, म्हणून तीन महिने व्हायची वाट न बघता स्त्रीरोगतज्ज्ञांना आताच दाखव, आईला बरोबर घेऊन जा, आणि पळते हे त्यांना आवर्जून सांग. त्याच वेळी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन या दोन टेस्ट करून घे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायका ॲनिमिक निघाल्यात, म्हणजे तुझ्या वर्गात तुला धरून निम्म्याहून जास्त मुली तशा असू शकतात. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर तू कितीही पळ, प्राणवायू वाहून न्यायला गाड्याच कमी आहेत, मग साडेतीन मिनिटं कुठून येणार? फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, हिमोग्लोबिन ठीक असतानाही तो रिकामा असू शकतो. गोळ्या डॉक्टर सांगतील तरच, मनाने घ्यायच्या नाहीत. जेवणानंतर लगेच चहा घ्यायची सवय असेल तर तास-दीड तास पुढे ढकल, चहा लोह शोषू देत नाही, आणि वरणावर, उसळीवर लिंबू पीळ, त्याने शोषलं जातं.

पळायच्या आधी एक केळं किंवा दोन खजूर, आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात नीट नाश्ता. सत्तू आपल्याकडे कुठेही मिळतो, ताकातला सत्तू मीठ-जिरं घालून, किंवा थालीपीठ आणि दही, किंवा अंडी चालत असतील तर अंडी. रविवारी लांब पळून आल्यावर बेडई-जिलबी खाल्लीस तरी मी काही म्हणणार नाही, पळणाऱ्या मुलीला ते पचतं. वजनाचा काटा मात्र सप्टेंबरपर्यंत बघूच नकोस.

मग करायचं काय. मी तुला तारीखवार टेबल देत नाही, कारण नडगी किती दिवसांत बरी होते त्यावर सगळं आहे, पण साधारण असं धर. आता परीक्षेपर्यंत पळणं बंद, फक्त दुखत नसेल तर चालणं, आणि पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करायच्या, पंधरा-पंधराचे तीन सेट, आधी दोन्ही पायांवर आणि जमलं की एकेका पायावर, पोटरी मजबूत झाली की नडगीवरचा भार कमी होतो. कंटाळवाणं आहे, पण दात घासण्यासारखं रोज कर. बारा तारखेनंतर, आठवडाभर चालताना आणि उडी मारताना अजिबात दुखलं नसेल तरच, एक दिवसाआड वीस मिनिटं, तीन मिनिटं पळ एक मिनिट चाल. जूनमध्ये आठवड्याला चार दिवस, त्यातला रविवारचा जरा लांब. किलोमीटर थोडे थोडे वाढव आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी कर, शरीर जे कमावतं ते विश्रांतीतच जमा होतं. जुलै संपताना आठवड्याला 35 किलोमीटरपर्यंत पोचलीस आणि काही दुखत नाहीये, तर मला तू टीममध्ये दिसायला लागशील. झोप आठ तास, पाचला पळायचं म्हणजे रात्री नऊला फोन बंद, याला पर्याय नाही.

जागा मऊ बघ. मेला ग्राउंड आहे, तिथला मेळा थंडीत भरतो आणि उन्हाळ्यात ती एवढी मोठी जागा मोकळी असते, मातीच्या कडेने पळ, रस्त्याच्या मधल्या सिमेंटवरून नाही. 1957 साली, 1857 च्या लढ्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने आपल्या गावात शारीरिक शिक्षणाचं कॉलेज निघालं, तेच आजचं एलएनआयपीई. देशभरातून मुलं-मुली तिथे शिकायला येतात आणि तू तर इथलीच आहेस, एकदा जाऊन विचारून तरी बघ की बाहेरच्यांना ट्रॅकवर येऊ देतात का, सुट्टीत काही कोचिंग कॅम्प आहे का. विचारायला लाजू नकोस. अंधारात एकटी जाऊ नकोस मात्र, एखादी मैत्रीण धर किंवा बाबांना स्कूटरवर घे, आणि कुठल्या रस्त्याने जाणार ते घरी सांगून निघ.

पाऊस आपल्याकडे जूनच्या शेवटी येतो, तो आला की आपला किल्ला. उरवाई दरवाज्याचा चढ, बाजूला कातळात कोरलेल्या त्या उंच जैन मूर्ती, पावसाने धुतलेल्या, मी तिथे किती वेळा धापा टाकत वर गेलेय त्याचा हिशोब नाही, आणि आजही मला वाटतं की पळणाऱ्या मुलीला ग्वाल्हेरने दिलेली सगळ्यात मोठी देणगी तो चढच आहे. चढावर पाय आपोआप ताकदीने पडतात पण वेग कमी असल्याने आदळआपट कमी होते, म्हणून ट्रॅकवरच्या स्प्रिंटपेक्षा तुझ्या नडगीला ते सोसेल. आठवड्यातून एकदाच, चाळीस-पन्नास सेकंद जोरात वर, चालत खाली, सहा वेळा. उतरताना पळायचं नाही, उतारावरच हाडांना सगळ्यात जास्त मार बसतो, आणि ओल्या दगडावर पाय घसरतो तो वेगळाच. गाड्या त्याच रस्त्याने वर जातात, तर सकाळी लवकर आणि कडेने.

ऑगस्टमध्ये, आणि त्याआधी अजिबात नाही, स्पीड. आठवड्यातून एक दिवस एक-एक किलोमीटरचे चार किंवा पाच तुकडे 5:10 ते 5:15 ने, मध्ये तीन मिनिटं चालणं. सगळे तुकडे सारखे आले पाहिजेत, पहिला 4:50 आणि शेवटचा 5:40 आला तर ते मागच्या सप्टेंबरचंच चालू आहे असं समज. तुझी खरी प्रॅक्टिस हीच आहे, सुरुवातीला स्वतःला आवरायची. ट्रायलला पहिले दोन किलोमीटर 5:20 ने जा, बाकीच्या मुली पुढे जातील, घाबरायचं नाही, पाचव्या किलोमीटरपासून त्यांच्यातल्या एकेकीला पकडायला सुरुवात कर. पूर्ण दहा 5:15 ने झाले की साडेबावन्न. मागच्या वर्षीची सहावी मुलगी पण या वर्षी मेहनत करत असेल, म्हणून मी खात्री देत नाही, पण शेवटच्या तीन किलोमीटरला तू चालणार नाहीस हे मी लिहून देते.

आजींना माझा नमस्कार सांग. पहाटे पाचला ऊन नसतं, पूर्ण बाह्यांचा सुती टीशर्ट आणि टोपी घालणार आहे असं सांग. आणि जमलं तर आपल्या सातारच्या ललिता बाबरचे फोटो दाखव, माण तालुक्यातल्या दुष्काळी गावातली मुलगी, 2016 च्या रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या रेसच्या, फायनलला उभी राहिली, पी.टी. उषाच्या 1984 च्या फायनलनंतर ट्रॅकवरच्या फायनलला पोचलेली पहिली भारतीय बाई. नाशिककडची कविता राऊत दाखव, 2010 च्या दिल्ली कॉमनवेल्थला 10,000 मीटरचं ब्राँझ, तुझंच अंतर. दोघी उन्हात रापलेल्या, आणि किती सुंदर दिसतात बघा म्हणावं.

डॉक्टरांचं आधी उरकून घे, पेपर सुरू व्हायच्या आत. नडगीबद्दल ते काय म्हणाले आणि फेरिटिन किती आलं ते मला कळव, त्यावर मेचं पहिलं पान आपण दोघी मिळून लिहू.

तुझी ताई